गिऱ्हाईकाचा उपास

कात्रीमामांच्या दुकानात गप्प बसायची सोय नव्हती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती, पण खुर्चीत बसून कोणी डोळे मिटले, की मामा त्याची मान अशी झटक्यात सरळ करायचे की झोपच काय, दोन दिवसांचा आळसही उडून जावा. केस कापणं हा त्यांचा धंदा होता आणि बोलणं हा उद्योग. गोष्ट रंगात आली की एका बाजूचे केस कापून झाल्यावर दुसरी बाजू विसरून ते आरशासमोर हातवारे करत उभे राहायचे, आणि खुर्चीतला माणूस अर्ध्या डोक्यानिशी "मग पुढे?" म्हणत बसायचा. माझ्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही. तरी मी दर महिन्याला जायचो तो त्या "मग पुढे?" साठी.

या सगळ्यात त्यांच्या हातातली कात्री मात्र कधी थांबायची नाही. समोर केस असोत नसोत, ती हवेतल्या हवेत कच कच कच चालूच. कोणी हटकलं की म्हणायचे, "हात गरम राहतो." जीभ गरम ठेवायची वेगळी सोय करावी लागत नव्हती.

त्या दुकानात एका दुपारी एक तांबूस कुत्रं शिरलं. एक कान उभा, एक पडलेला. बाकावर दोन माणसं वाट बघत बसली होती, त्यांच्या मधल्या जागेत चढून ते शहाण्यासारखं नंबर लावून बसलं. मामा म्हणाले, "बसा. यांच्यानंतर तुम्ही." त्याचा नंबर आला, गेला, दुकान बंद व्हायची वेळ झाली, तरी पाहुणे हलेनात. शेवटी मामा त्याला घरी घेऊन गेले. दारात मामींनी विचारलं, "हे कोण आणलंत?"

"गिऱ्हाईक आहे."

त्या दिवसापासून त्याचं नाव गिऱ्हाईक. पुढे दहा वर्षं तो त्याच बाकाखाली झोपला. कात्री चालू असली की तो गाढ झोपायचा. ती थांबली की एक डोळा उघडायचा, मामा कुठे गेले ते बघायचा, आणि कच कच सुरू झाली की पुन्हा मिटायचा. शेजारी एवढं अखंड भाषण चालू असताना झोपू शकणारा गल्लीतला तो एकमेव जीव.

दुकानाच्या समोरच बेकरी. बेकरीवाला मामांचा शाळेपासूनचा दोस्त, आणि मामा जितके बोलके तितका हा घुम्या. दोघांचं मिळून दोन माणसांएवढं बोलणं व्हायचं, फक्त वाटणीत सगळं मामांकडे गेलेलं. बेकरीवाल्याची बायको लग्नानंतर लवकरच वारली होती. मूलबाळ नव्हतं. पहाटे भट्टीपुढे तो एकटा असायचा, आणि उजाडता उजाडता गिऱ्हाईक त्याच्या मागच्या दारी जाऊन बसायचा. एक टोस्ट मिळायचा आणि पाठीवर पिठाचा एक पंजा उमटायचा. तो पंजा घेऊन स्वारी दुकानात आली की मामा म्हणायचे, "आली का सही घेऊन!"

असं सगळं सुरळीत चाललं असताना मामांच्या लेकीला मूल झालं. लेक परदेशात. मामी आधी गेल्या, आणि तिकडे रमल्या. मग मामांनाही तिकडे कायमचं राहायची परवानगी मिळाली. अट एकच: तिकडचा उन्हाळा संपायच्या आत त्या देशात पाऊल पडलं पाहिजे, नाही तर परवानगी रद्द. मामा फोनवर म्हणाले, "मी गिऱ्हाईकाला घेऊनच येणार."

"कुत्र्यासाठी थांबताय," पलीकडून मामी म्हणाल्या. "माझ्यासाठी कधी बसस्टॉपवर तरी थांबला होतात का?"

"तू कधी मागे राहायचीस का पण?"

त्यांच्या लग्नाबद्दल याहून जास्त सांगायची गरज नाही.

मामांची स्वतःची तपासणी म्हणजे छातीचा एक फोटो. तेवढ्यावर परदेशाने त्यांना पास केलं. गिऱ्हाईकाचं प्रकरण मात्र वेगळं निघालं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण, हुशार आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी मामांना समोर बसवून सांगितलं, "आधी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी, ओळख पटवणारी चिप बसवायची. मग रेबीजची लस. मग महिन्याने रक्त काढून लॅबमध्ये पाठवायचं. लस रक्तात नीट उतरली आहे असं लॅबने सांगितलं, की रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. मग शेवटची तपासणी, आणि मग विमान."

मामा म्हणाले, "बाई, माझ्या लग्नात एवढी चौकशी झाली असती तर मी अजून बिनलग्नाचा असतो."

चिप बसली, लस झाली. उन्हाळ्याला अवकाश होता. सगळं वेळेत बसत होतं.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. गिऱ्हाईकाचं वय झालं होतं आणि मागचे पाय आखडायचे. त्यासाठी त्याला रोज सकाळी एक गोळी असे. ही गोळी पोटात घालणं हा मोठाच खटाटोप होता. पावात लपवली तर पाव आत आणि गोळी बाहेर. मांसात लपवली तर मांस आत आणि गोळी थेट मामांच्या चपलेत. शेवटी मामांना उपाय सापडला: लिंबाएवढा लोण्याचा गोळा करायचा आणि त्यात गोळी खुपसायची. लोणी चावायला वेळच लागत नाही, सगळं एकदम घसरत जातं. या शोधाबद्दल मामांनी दुकानात इतकं ऐकवलं होतं की आम्हाला लोण्याचं नाव काढलं तरी पाय मोकळे झाल्यासारखं वाटायचं.

पहिलं रक्त गेलं आणि लॅबमधून निरोप आला: रक्तातला पातळ भाग दुधासारखा पांढरट आहे, त्यात चरबी फार, तपासणी होऊ शकत नाही, पुन्हा पाठवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही कुत्र्यांच्या बाबतीत असं होतं. स्निग्ध काही पोटात गेलं की लगेच रक्तात दिसतं. आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं ना मी?"

मामा दुकानात आले ते फौजदार होऊनच. "कोणी दिलं? खरं सांगा. कोणी दिलं?"

आणि काय सांगू, अख्खी गल्लीच गुन्हेगार निघाली. शिवणकामवाल्या मावशींनी चीजचा एक तुकडा दिला होता. "एवढासाच हो, नखाएवढा." त्यांचं नख केवढं ते आम्हाला माहीत होतं. फुलवाल्याने आपल्या डब्यातला अर्धा डबा दिला होता. "जाणार ना बिचारा, म्हटलं पुन्हा कधी खाईल आपल्या हातचं." सायकलवाल्याने काहीच दिलं नव्हतं, फक्त आपलं जेवण स्टुलावर ठेवून तो हात धुवायला गेला होता. तो सद्गदित होऊन म्हणाला, "पण मुद्दाम सावकाश धुतले."

मामांनी सगळ्यांना मिळून एक भाषण दिलं, आणि गिऱ्हाईकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली: "मला खायला देऊ नका. मला परदेशी जायचं आहे." पाटी वाचून अनोळखी माणसंही थांबून त्याला शुभेच्छा द्यायला लागली.

मधल्या काळात लॅबला सुट्ट्या होत्या, मग तिथे रक्तांची रांग लागली होती. त्यातून दुसऱ्या वेळी रक्त काढायचा दिवस ठरला. आता फार सैल राहून चालणार नव्हतं. वेळ बेताचा उरला होता. हे रक्त पास झालं तर तीन महिने जेमतेम त्या मुदतीच्या आत संपत होते. गल्लीने मन घट्ट करून माया आवरली. मावशींनी चीज कपाटात कुलूप लावून ठेवलं. बेकरीवाल्याने तर मागचं दारच बंद ठेवलं, आणि गिऱ्हाईक बाहेरून नखांनी दार ओरबाडत असताना तो आत भट्टीपुढे पाठ करून उभा राहिला. हे मला त्याच्या कारागिराने नंतर सांगितलं. त्या दिवशी पहिले पाव करपले होते.

दुसरं रक्तही परत आलं. पांढरट.

मामांनी त्या सकाळचा एकेक क्षण आठवून पाहिला. आणि त्यांना आठवलं की दवाखान्यात जाताना गिऱ्हाईकाच्या पाठीवर पीठ होतं. पंजाचा ठसा.

खरी गोष्ट एवढीच होती की दार ओरबाडणं थांबेना तेव्हा बेकरीवाला बाहेर आला, त्याने गिऱ्हाईकाला थोपटलं आणि दार लावून घेतलं. पण हे त्याने सांगायचं म्हणजे चार वाक्यं बोलावी लागली असती, आणि मामांनी त्याला एकाचीही सवड दिली नाही. भर गल्लीत, पाव घ्यायला आलेल्या माणसांसमोर ते ओरडले, "टोस्टवर लोणी लावून दिलंस ना? दोस्त म्हणवतोस? तुझ्या पोटात दुखतंय, मी चाललो म्हणून!"

"मी काही दिलं नाही."

"मग पीठ कुठून आलं? आभाळातून पडलं?" आणि मग मामांची ती सुटलेली जीभ, जी आयुष्यभर आम्हाला हसवत आली होती, एक पाऊल पुढे गेली. "तुला कळायचं नाही. ज्याच्या घरी पाळणा हलला नाही, त्याला काय कळणार लेकीकडे जायचं म्हणजे काय ते!"

बेकरीवाल्याने हातातला पाव फळीवर ठेवला. आत गेला. आणि भर दुपारी, माणसं रांगेत असताना, शटर खाली ओढलं. मी त्या गल्लीत इतकी वर्षं राहतोय, पण त्या वेळी ते शटर बंद झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

मामा दुकानात परतले. कात्री उचलली. पुढच्या माणसाचे केस कापताना ते एक शब्द बोलले नाहीत. त्या माणसाने मला नंतर विचारलं, "त्यांची तब्येत बरी नाही का?"

मग जे अबोल्याचे दिवस आले त्यांत सगळ्यात वाईट हाल झाले ते बेकरीवाल्याच्या डोक्याचे. इतकी वर्षं ते डोकं मामांच्या हाताखाली होतं. आता तो चौकातल्या नव्या चकचकीत दुकानात गेला, आणि तिथल्या कोणीतरी त्याच्या एका कानावर हमरस्ता काढला आणि दुसऱ्या कानावर जंगल राखीव ठेवलं. मामांना आपल्या काचेतून दिवसभर ते डोकं दिसायचं. एकदा ते माझ्या मानेवर वस्तरा धरून म्हणाले, "बघवत नाही हो." मी मान हलवली नाही. हलवण्याची ती वेळ नव्हती.

तिसऱ्या वेळी मामा गिऱ्हाईकाला घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा त्यांनी आदल्या दिवसापासून त्याला दुकानात कोंडून ठेवलं होतं, कोणाची सावलीही पडू दिली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सुई तयार केली.

"खाणं?"

"पाण्याशिवाय थेंब नाही."

"छान. पाय कसे आहेत? सकाळची गोळी चालू आहे ना?"

"वा! रोज, न चुकता. आजही दिली ना," मामा अभिमानाने म्हणाले.

"घेतो नीट?"

"घेतो म्हणजे काय! लोण्यात देतो मी."

बाईंचा हात थांबला. "किती लोणी?"

मामांनी बोटांनी लिंबू करून दाखवलं. आणि ती बोटं तशीच राहिली. बाईंनी पुढे काही म्हणायच्या आत मामांचा चेहरा उतरत उतरत गेला. "पण ते..." ते म्हणाले, "ते खाणं नव्हतं हो. ते औषध होतं."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. आपण डॉक्टरांना 'सकाळपासून काही खाल्लं नाही' असं सांगतो, तेव्हा चहात बुडवलेली दोन बिस्किटं कुठे धरतो? मामांनीही लोणी धरलं नव्हतं.

बाईंनी सुई खाली ठेवली. "उद्या या. गोळीशिवाय." आणि जरा थांबून, हळू आवाजात, "पण मामा, आता रक्त पास झालं तरी तीन महिने तुमच्या तारखेत बसणार नाहीत. तुमच्या लक्षात आलंय ना?"

आलं होतं. पण दवाखान्यातून निघाल्यावर मामा घरी गेले नाहीत की फोनकडे वळले नाहीत. ते दुकानात आले, कात्री उचलली आणि थेट समोर गेले. मी पाव घेत उभा होतो.

बेकरीवाल्याने वर पाहिलं. "काय हवंय?"

"लोणी," मामा म्हणाले.

"किती?"

"विकत नकोय रे. सांगायला आलोय. लोणी मीच देत होतो. रोज. गोळीला."

बेकरीवाल्याने हातातला पाव माझ्या पिशवीत घातला. मग म्हणाला, "म्हणजे मी नव्हतो."

"नव्हतास."

"ते मला माहीत होतं."

मामांनी मान खाली घातली. बेकरीवाल्याने विचारलं, "आणि ते दुसरं? पाळण्याचं?"

ज्या माणसाकडे कुठल्याही विषयावर, मागितलं नाही तरी, अर्ध्या तासाचं बोलणं तयार असायचं, त्याला एक शब्द सापडेना.

"राहू दे," बेकरीवाला म्हणाला. "भाजलेल्या पावाचं परत पीठ होतं का?" मग त्याची नजर मामांच्या हाताकडे गेली. "ती कशाला आणलीस?"

"सवयीने आली."

"मग उभा काय राहिलास? बघ त्या गाढवाने या कानावर काय करून ठेवलंय."

मागच्या अंगणात पिठाच्या रिकाम्या डब्यावर बसवून मामांनी ते डोकं सरळ केलं. एकही शब्द न बोलता. फक्त कच कच कच. गिऱ्हाईक येऊन पायाशी झोपला. केस झटकून उठताना बेकरीवाला म्हणाला, "आज रात्री कुत्रा माझ्याकडे राहील. तुझ्यावर माझा विश्वास नाही."

दुसऱ्या दिवशी गल्लीला पाव मिळाला नाही. उपाशी कुत्र्याला वास नको म्हणून त्याने भट्टीच पेटवली नव्हती. कोणी तक्रार केली नाही. त्या दिवशीचं रक्त मधासारखं स्वच्छ निघालं, आणि लस रक्तात उत्तम उतरली आहे असा निरोपही आला. गिऱ्हाईक अव्वल नंबराने पास झाला होता. फक्त उशिरा.

लेकीने तिकडे मुदत वाढवून घ्यायचा प्रयत्न केला. तिथले अधिकारी नाही म्हणाले. मामींनी टोमणा न मारता फोन केला, त्यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. "अहो, या तुम्ही. त्याला मागाहून आणू. भाऊजी आहेत ना तिकडे." भाऊजी म्हणजे बेकरीवाला.

मामा निघाले त्या दिवशी गिऱ्हाईक भट्टीमागच्या उबदार फरशीवर झोपला होता. मामांनी त्याला उठवलं नाही. दारातून पाहिलं आणि टॅक्सीत बसले. टॅक्सीवाल्याने कुठे जायचं विचारलं, तर तेही बेकरीवाल्यालाच सांगावं लागलं.

पहिल्याच आठवड्यात मामांनी व्हिडिओ कॉल केला. "गिऱ्हाईका! ए गिऱ्हाईका!" आवाज ऐकताच तो उठला, फोनच्या मागे जाऊन बघितलं, टेबलाखाली बघितलं, आणि दुखऱ्या पायांनी धावत रस्ता ओलांडून मामांच्या बंद दुकानाच्या शटरपाशी जाऊन बसला. अंधार पडला तरी उठेना. बेकरीवाल्याने त्याला उचलून आणलं. पुढच्या कॉलला पुन्हा तेच. तेव्हा बेकरीवाला मामांना म्हणाला, "बोलू नकोस. बघ हवा तेवढा. पण बोलू नकोस."

आणि कात्रीमामा गप्प झाले. ज्या तोंडाला मामी तीस वर्षांत कुलूप लावू शकल्या नाहीत, ते गिऱ्हाईकाच्या पडलेल्या कानाने लावलं. मामा रोज संध्याकाळी फोन करतात, तोंडावर हात ठेवून बसतात, आणि बघतात.

तीन महिने संपले. शेवटच्या तपासणीला बेकरीवाला त्याला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली. मग म्हणाल्या, "हृदयात आवाज आहे. वसंतात नव्हता. हा विमानाचा प्रवास झेपणार नाही. मी सही नाही करणार."

ही बातमी मामांना सांगायचं काम बेकरीवाल्यावर आलं. आयुष्यातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य असावं ते. मग मामा एवढंच म्हणाले, "लिंबाएवढं कशाला लागत होतं रे. सुपारीएवढंही पुरलं असतं."

परवा संध्याकाळी मी बेकरीत होतो. फोन वाजला. पडद्यावर परक्या देशातलं लख्ख स्वयंपाकघर, खुर्चीवर नातू, आणि त्याचे केस कापणारे मामा. मागून मामींचा आवाज आला, "अहो, नुसते बघताय काय, बोला की काहीतरी!" मामांनी मान हलवली. मग कात्री फोनजवळ आणली आणि हवेतल्या हवेत चालवली. कच कच कच.

गिऱ्हाईक भट्टीमागे झोपला होता. त्याचा पडलेला कान जरासा हलला. तो उठला नाही, शटरकडे गेला नाही. नुसता एक लांब श्वास सोडून आणखी गाढ झोपला.

"रोज असंच," बेकरीवाला माझ्या कानाशी पुटपुटला. "हे ऐकून झोपतो. पण एकदम थांबलं तर डोळा उघडतो आणि शोधायला लागतो."

"मग फोन बंद कसा करता?"

फोन दोन्ही हातांत धरून तो उठला आणि गिऱ्हाईकाकडे तोंड ठेवून, एकेक पाऊल मागे टाकत, हळूहळू दाराकडे सरकू लागला. पडद्यावर मामा कात्री चालवत होते. आवाज लहान होत गेला. अंगणात, मग मागच्या गल्लीत. गिऱ्हाईकाचा डोळा मिटलेलाच होता. बऱ्याच वेळाने बेकरीवाला परत आला तेव्हा फोन बंद होता.

"तिकडे अजून चालवत असेल," तो म्हणाला, आणि भट्टीपुढे पाठ करून उभा राहिला.